नकाशावरची पायरी

घर म्हणजे पाच माणसं, असा आमच्या ऑफिसातला हिशेब होता. उपनगरांत पुढे माणसं किती वाढतील याचा साहेब लोक अंदाज बांधायचे, त्याला पाचाने भागायचे, की लागणाऱ्या घरांचा आकडा निघायचा. त्या घरांना जमीन किती लागेल हे ठरलं की ती जमीन नकाशावर रंगवायचं काम आमच्याकडे यायचं. पिवळा रंग राहण्याचा, जांभळा कारखान्यांचा, निळा बाजाराचा, हिरवा बागांचा. मी ट्रेसर होते. ट्रेसिंगच्या कापडावर शाईने रेघा ओढायच्या, अमोनियाच्या वाफेवर त्याच्या प्रती निघाल्या की त्यांवर ब्रशने रंगाचा पातळ हात द्यायचा. अमोनियाने डोळे चुरचुरायचे आणि संध्याकाळी कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला पिवळं राहायचं. काय गं, हळद लागली का, असं कोणी विचारलं नाही. विचारणारं कोणी नव्हतंच.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. इकडे मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि तिकडे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत किती शेतं आणि टेकड्यांचे किती उतार मी माझ्या हाताने पिवळे केले, त्याची मोजदाद नाही. आणि स्वतः राहत होते मुलुंडला, एका विधवा बाईंच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीच्या अर्ध्या भागात. एक कॉट, एक फळी आणि सकाळी एक कप चहा करून घ्यायची परवानगी. अंडं आणायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, मैत्रिणी आणायच्या नाहीत. हा शेवटचा नियम मोडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

आईवडील गेले होते. साताऱ्याकडे भाऊ होता. दिवाळीला गेले की वहिनी मला पाट मांडून, भोवती रांगोळी काढून वाढायची, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की मी आता या घरची पाहुणी आहे. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मी दोन्ही लांबूनच पाहिली. ऑफिसच्या हिशेबाने माझ्या वाट्याला घराचा पाचवा हिस्सा येत होता आणि राहत होते तेही साधारण तेवढंच होतं. म्हणजे आमचे साहेब अगदीच चुकत नव्हते.

आराखड्याचा मसुदा तयार झाला तेव्हा तो लोकांना बघायला ठेवला. कायदा तसा आहे. लोकांनी यायचं, आपली जागा कुठल्या रंगात गेली ते बघायचं, पटलं नाही तर मुदतीत लेखी हरकत द्यायची, मग साहेबांपुढे सुनावणी. मुलुंड आणि भांडुपची शीटं एका शाळेच्या हॉलमध्ये टांगली होती. भिंतीवर मुलांसाठी मुळाक्षरं रंगवलेली, त्यांच्यावरच आमचे नकाशे. लोकांना नकाशा वाचता येत नाही, तेव्हा समजावून सांगायला कोणीतरी तिथे दिवसभर बसायला हवं होतं. ऑफिसात बाकी सगळ्यांना घरं होती, मुलं होती, सासरची माणसं होती. आमचे हेड ड्राफ्ट्समन माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बस. तुला काय, सडाफटिंग." माणूस वाईट नव्हता, पण तो शब्द मला दिवसभर टोचला.

हातात फूटपट्टी घेऊन मी त्या हॉलमध्ये बसू लागले. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, माझं घर कुठाय? उपनगर एवढं वाढणार तर पाणी कुठून येणार, रस्ते पुरणार का, हे विचारायला कोणी आलं नाही. फूटपट्टीचं टोक मी त्यांच्या घरावर ठेवलं की सगळ्यांचं तोंड सारखंच व्हायचं. आधी डोळे बारीक, मग मान पुढे, मग हसू. भिंतभर शीटवर मुंगीएवढं घर, पण ते आपलं. मला आधी या लोकांचा वैताग यायचा. मी तशी तिरसटच. ज्यांना दाखवायला घर आहे त्यांनी मला का दाखवावं, असं वाटायचं, आणि ते दाखवायलाच तर मला बसवलेलं होतं.

अशातच एक म्हातारे गृहस्थ आले. पायजमा, वर खाकी शर्ट, हातात कापडी पिशवी. मूळचे मालवणकडचे, जन्म गिरणीत गेलेला, संपात गिरणी सुटली ती सुटलीच. राहायचे भांडुपला, टेकडीच्या उतारावर. बराच वेळ ते भांडुपच्या शीटपुढे उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गो बाय, माजा घर खंय आसा ता दाखव."

मी त्यांना खुणा विचारल्या. विहीर, विहिरीवरून वर चिंच, चिंचेच्या डाव्या अंगाला घर. विहीर नकाशात होती. तिच्या वरच्या अंगाला सगळं कोरं होतं. आमची मूळ शीटं जुन्या मोजणीवरची, आणि त्या मोजणीनंतर तो उतार घरांनी भरून गेला होता. वरातीमागून घोडं म्हणतात तसा आमचा आराखडा. कागदावर मोकळी दिसते म्हणून ती जमीन आरक्षणात घेतली होती आणि त्या आरक्षणावर लिहिलं होतं, विस्थापितांसाठी घरं.

"म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे रस्त्यात, पुलात ज्यांची घरं जातात, त्यांना राहायला इथे घरं बांधायची."

"आणि माजा घर?"

"ते पाडावं लागेल."

"मगे मी कोण झालंय?"

"विस्थापित," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला. "मगे ह्या घर माकाच देवा की. पाडतास कित्याक?"

मला हसू फुटलं. कित्येक दिवसांत मी मोठ्याने हसले नव्हते, त्यामुळे तो आवाज मलाच परका वाटला. तेही हसले. पण त्यांचं हसू लगेच मावळलं, आणि ते पुन्हा त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशी पिशवीत फिरकीचा तांब्या घालून चहा घेऊन आले. मुलांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे वर करून बसायचे, मी लोकांना घरं दाखवत असले की ऐकायचे, गर्दी ओसरली की झाकणात मला चहा द्यायचे. सुनं घर खायला उठतं, म्हणायचे. बायको गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. मी त्यांना काका म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "आणि तुजा घर खंय गो?"

"माझं नाही यात. मी दुसऱ्यांच्या घरात राहते."

 मग त्यांनी एक खेळच करून टाकला. संध्याकाळी उठताना पिशवी उचलायची, दारापर्यंत जायचं आणि मागे वळून विचारायचं, "तुजा घर लागला काय नकाशात?"

"नाही लागलं, काका."

"शोध, शोध. हयच खंयतरी आसतला."

एवढंच. पण दिवसभरात मला माझ्याबद्दल विचारलेला तो एकच प्रश्न असायचा, आणि संध्याकाळ झाली की मी त्याची वाट बघायची.

मुदत संपत आली तेव्हा मी त्यांच्यामागे हरकतीसाठी लकडा लावला. अर्ज मी लिहिणार होते, सही त्यांची. "कारण काय लिहू?" मी विचारलं. ते म्हणाले, विहिरीचं पाणी गोड आहे. मी म्हटलं, हे कारण चालत नाही. ते म्हणाले, चिंचेची सावली आहे. मी म्हटलं, काका, सावलीवर सुनावणी होत नाही. मग म्हणाले, दाराबाहेरची पायरी गावच्या घराची आहे. तो जांभा दगड त्यांनी मालवणहून आणला होता, बोटीतून, बायको शेजारी आणि दगड पायाशी. आपल्या घराचा एक तरी चिरा नव्या घराला लागावा, अशी त्यांच्याकडे रीत. मी वैतागले. घर का नको पाडायला, ते सरळ सांगा, म्हटलं. तुम्हाला बदली जागा मिळेल, पक्की, नळाची. मग हवंय काय तुम्हाला?

त्यांनी झाकणातला चहा खाली ठेवला. "चेडू इला तर खंय जातला?"

चेडू म्हणजे मुलगी. एकुलती एक. काही वर्षांपूर्वी तिने घाटकोपरच्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. नको म्हणायला कारण तेच, जे आपल्याकडे अशा वेळी असतं. दोघं नमस्काराला आली तेव्हा काकांनी तिला दारातूनच परत पाठवलं. आम्ही कुठे राहणार ते तरी ऐकून घ्या, असं ती म्हणत होती. यांनी ऐकलं नाही. बायकोला ती गोष्ट सहन झाली नाही, ती वर्षभरात गेली, आणि गेल्याचं मुलीला कळवायला यांच्याकडे पत्ता नव्हता. घाटकोपरला चौकशी करायला एकदा गेले होते. ते कुटुंब तिथून हललेलं होतं, कुठे ते कोणी सांगेना, आणि हे कोण ते यांनाही तिथे सांगवेना.

"तेका दुसरो पत्तो म्हायत नाय," ते म्हणाले. "विहीर, चिंच, पायरी. तेवढाच."

मी अर्जात काय लिहिलं ते आता आठवत नाही. जुनी वस्ती, विहिरीचा वापर, असलं काहीतरी लिहिलं असेल. खरं कारण लिहायला त्या कागदात जागा नव्हती. घरी आल्यावर कॉटवर पडून मला त्या मुलीचा राग आला. काकांचा यायला हवा होता, पण आला तिचा. आपली कोणी अशी वाट बघतंय हे तिला माहीतसुद्धा नव्हतं, आणि मला ते फुकट माहीत झालं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या दिवशी जळत माझंही होतं.

सुनावणीला मी शीट घेऊन साहेबांच्या बाजूला उभी होते. साहेबांनी अर्ज वाचला आणि ठरलेला प्रश्न विचारला, घरात किती माणसं?

"दोघां," काका म्हणाले.

"तुम्ही आणि कोण?"

"चेडू."

"कुठे आहे ती?"

"भायर गेलाहा."

"कधी येणार?"

"येतला," काका म्हणाले. साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. सुनावणीला आलेल्या उतारावरच्या लोकांपैकी कोणी खोकलंसुद्धा नाही. मग साहेबांनी कागदावर दोन लिहिलं. त्यांनी ते समजून लिहिलं की नुसतं लिहिलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आरक्षण काही उठलं नाही. निकाल असा आला की त्या उतारावर राहणाऱ्यांनाच तिथे होणाऱ्या इमारतींत आधी जागा द्यावी. म्हणजे पहिल्या दिवशी काका जे चेष्टेत बोलले होते तेच साहेबांनी चार पानांत लिहिलं. इमारती होईपर्यंत मात्र सगळ्यांनी कांजूरमार्गच्या तात्पुरत्या चाळींत जायचं होतं. घरं पाडण्याआधी त्या उताराची नीट मोजणी झाली, घर अन् घर, दार अन् दार, आणि ती ट्रेस करायला माझ्याकडेच आली. ती जागा आता कोरी राहिली नव्हती. चिंचेच्या डावीकडचं घर ओढताना मी शाई वाळेपर्यंत तिथेच थांबले.

कांजूरला पत्र्याच्या खोल्या होत्या आणि वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास यायचा. रविवारी मला काम नसायचं आणि खोलीवर बसलं की मालकीणबाई माझ्या बसण्याकडे बघत बसायच्या, म्हणून मी कांजूरला जायला लागले. काकांनी बाकीचं सामान निम्मं वाटून टाकलं होतं, जांभ्याचा चिरा मात्र बरोबर आणला होता. तो दाराशी मांडला होता, पण ते त्यावर बसायचे नाहीत. "हय नको," म्हणायचे. दर चार-आठ दिवसांनी ते चालत भांडुपला जाऊन यायचे, पाडलेल्या उतारावर घटकाभर उभे राहायचे. पाया खणताना चिंच गेली. विहिरीवर जाळी बसवून ती ठेवली. "एक खूण रवली," असं ते मला सांगायचे. शेजारी सगळे पांगले होते, कोणी भावाकडे विक्रोळीला, कोणी गावाला. आता कोणाला विचारूनही मुलगी पोचली नसती.

माझ्याकडे बोलण्यासारखं फारसं काही नसे. ऑफिसात काय रंगवलं ते मी सांगायची. सांताक्रूझच्या विमानतळाजवळ उंची वाढवता येत नाही, म्हणून तिथे घरं कमी बसतात; बोरिवलीला ओढ्यापलीकडची शेतं पिवळी केली. ते हुं हुं करत ऐकायचे. निघताना दारापर्यंत येऊन विचारायचे, "तुजा घर लागला काय?" आणि मी नाही म्हणायची. नाही म्हणायलासुद्धा कोणीतरी लागतं.

सरकारी बांधकाम ते, रडतखडत झालं. दशक उतरायला लागलं तेव्हा त्या उतारावर चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि काकांना खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. दोन माणसं लिहिलेली असल्यामुळे मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली. मी अभिनंदन करायला गेले तर ते खिडकीशी उभे होते. खाली सगळं सारखं दिसत होतं. चार इमारती, चारही पिवळ्या, मधे सिमेंट.

"माजा दार खंय पडला ह्याच्यात?" त्यांनी विचारलं. मला वाटलं ते असंच बोलतायत. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुका नकाशात शोधूक येता मा? मगे शोध."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी पाडण्याआधीच्या मोजणीचं ट्रेसिंग काढलं आणि नव्या इमारतींच्या नकाशावर अंथरलं. दोन्हींत विहीर होती. रस्त्याचा एक कोपराही होता. विहिरीवर विहीर, कोपऱ्यावर कोपरा बसवला, तशा खालच्या इमारती जुन्या घरांतून दिसायला लागल्या. कोणाच्या चुलीवर जिना आला होता, कोणाच्या न्हाणीत मीटरची खोली. काकांचं घर निम्मं एका इमारतीखाली गेलं होतं. दार मात्र दोन इमारतींच्या मधल्या बोळात पडत होतं, गटाराच्या झाकणाच्या जरा अलीकडे. रिकामी जागा.  एवढी वर्षं रेघा ओढल्या, पण त्यातली एखादी कोणाच्या कामी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी टेप घेऊन मी गेले. विहिरीपासून आणि कोपऱ्यापासून टेप धरून जागा काढली आणि खडूने फुली मारली. काकांनी शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन तो चिरा तिथे आणून मांडला. इमारतीचे सेक्रेटरी खाली आले. "ओ काका, बोळात दगड कशाला ठेवताय? पोरं ठेचकाळतील."

"मी बसतंय ना थंय," काका म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाक बसूक नको?"

"बाकडं टाकतो ना तुम्हाला पुढे, झकास सावलीत."

"नको. हयच बरा."

सेक्रेटरी माझ्याकडे बघून खांदे उडवून गेले. त्या दिवसापासून काका रोज तिथे बसायला लागले. वर खोलीत जेवायचे आणि झोपायचे तेवढंच. एका बाजूला एका इमारतीची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला दुसरीची, समोर गटाराचं झाकण, आणि पायजमा-शर्टातले काका विहिरीकडे तोंड करून. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. रविवारी मी जाऊन शेजारी जमिनीवर बसायची. ते मला चिऱ्यावर सरकून जागा द्यायचे नाहीत, आणि मीही कधी मागितली नाही.

त्याच सुमारास माझाही नंबर लागला. ऑफिसच्या कर्मचाऱ्यांसाठी घाटकोपरला खोल्या होत्या, ज्येष्ठतेप्रमाणे मिळायच्या, आणि बायकामुलांच्या माणसांचं भागल्यावर उरलेली एक मला मिळाली. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि किल्ली माझ्या एकटीची. पहिल्या दिवशी मी अंड्याची पोळी केली. ताटात वाढून घेतली, घास मोडला, आणि समोर कोणी नाही हे तेव्हा लक्षात आलं. मालकीणबाईंकडेही समोर कोणी नसायचं, पण तिथे निदान दोष द्यायला नियम होते. येत्या रविवारी काका विचारतील तेव्हा या वेळी हो म्हणायचं, असं मी ठरवलं आणि ताट संपवलं.

रविवारी गेले तर चिरा रिकामा होता. वर कुलूप. तळमजल्यावरची बाई दाराशी तांदूळ निवडत होती, तिने मला ओळखलं.

"गेले ना काका. मुलगी घेऊन गेली त्यांची."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. तिने सगळं सांगितलं. चार दिवसांपूर्वी दुपारी एक बाई आली होती, बरोबर लहान मुलगी. विहिरीशी उभी राहिली, वर चढली, खाली उतरली, सगळ्या इमारती फिरली. "मी विचारलं ना, कोण पाहिजे म्हणून. तर म्हणते, काही नाही, इथे आमचं घर होतं. आणि निघालीच होती गं परत. डोळ्यांत पाणी, मुलीचा हात धरून. जाता जाता या बोळात बघितलं तिने. तर काका बसलेले."

"मग?"

"मग काय. काका उठले आणि बाजूला झाले. जसा काय मागे दरवाजाच आहे ना, तसे. आणि म्हणाले, ये. एवढंच. ती त्या दगडावर पाय ठेवून आत आली. आत म्हणजे काय, तो बोळच की. पण मी तुला सांगते, मला रडूच आलं."

मुलगी बोरिवलीला राहत होती. आईबद्दल तिला तिथेच कळलं. दोन दिवस ती वर राहिली आणि जाताना वडिलांना घेऊन गेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला. मी बोळात जाऊन त्या चिऱ्यापाशी उभी राहिले. पोरांनी त्याचा स्टंप करून घेतला होता. आणि तिथे उभी असतानाच मला समजलं की आता दर रविवारी इकडे यायचं काही कारण उरलेलं नाही, कधीच उरणार नाही. घाटकोपरला परत आले, कुलूप काढलं, आणि दार उघडं ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. जिन्यावरून जाणारी माणसं आत बघत गेली. मग मी दार लावून घेतलं.

वर्ष-दीड वर्षाने काका ऑफिसात आले. मी टेबलावर वाकलेली होते, समोर पेढ्यांचा पुडा आला. वर बघितलं तर काका, इस्त्रीचा शर्ट, गाल भरलेले. "नातू झालो," ते म्हणाले. मग माझ्या शेजारचं स्टूल ओढून बसले आणि किती तरी बोलले. नात चुणचुणीत आहे. जावई शाळेत शिकवतो. "चांगलो आसा गो. माजाच चुकला," असं ते सहज म्हणाले आणि पुढे गेले. मी त्यांचं बोलणं ऐकत होते आणि त्यांच्याकडे पाहून मला इतकं बरं वाटत होतं की पेढा हातातच राहिला.

"बोरिवलीचो कागद आसा काय तुज्याकडे?" त्यांनी विचारलं. "माका घर दाखव."

मी आतल्या कपाटातून शीट आणून अंथरलं. त्यांनी खुणा सांगितल्या. स्टेशनवरून पूर्वेला, मग ओढा, ओढ्यावर छोटा पूल, पुलापलीकडे डावीकडे. मी फूटपट्टीचं टोक ठेवलं. डोळे बारीक, मग मान पुढे, मग हसू. त्यांनी फूटपट्टी हळूच बाजूला केली आणि आपलं बोट तिथे ठेवलं.

"ह्यो पिवळो रंग तुयाच दिलंस मा?"

"हो, काका. मीच."

"बरा केलंस," ते म्हणाले. बोट तसंच होतं. मग घड्याळ बघून ते लगबगीने उठले, नातीला शाळेतून आणायचं होतं. पिशवी उचलली. "येतय गो बाय," म्हणाले आणि दारापर्यंत गेले. दाराशी त्यांचा पाय जरा अडखळला, आता वळून विचारतील म्हणून मी हातातली फूटपट्टी खाली ठेवली. पण ते चप्पल नीट करत होते. चप्पल नीट झाली आणि ते जिना उतरून गेले.

कपाटातून बोरिवलीचं शीट आणताना मी घाटकोपरचंही बरोबर आणलं होतं. ते खाली होतं. मी ते वर काढलं, माझी खोली शोधली, तिच्यावर बोट ठेवून बघितलं, आणि मग दोन्ही शीटं गुंडाळून कपाटात ठेवली.